जिऱ्याच्या डब्यातली बिडी

लातूरला आजोळी शिवपुत्रच्या लेकीला पाळण्यात घालून तिचं नाव समृद्धी ठेवलं, त्याच दिवशी इकडं ढोकीत गंगम्माच्या तोंडातली मराठी गेली. साल दोन हजार बावीस, महिना फेब्रुवारीचा.

शिवपुत्रची आई शिवकांता पहाटेपासून तयार होती. नातीसाठी चांदीचे वाळे, डिंकाचे लाडू, सुनेला साडी, सगळं पिशवीत भरून झालं होतं. जीप साडेआठची. पण शिवकांताचा पाय काही घरातून निघेना. गॅस बंद केला का, म्हणून ती दोनदा आत गेली. गच्चीवरच्या मिरच्या झाकल्या का, म्हणून एकदा वर चढली. मागच्या दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, अंगणापर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा ओढून बघितलं. तिचा जन्मच असा गेला होता. दूध उतू जाईल, पाहुणे नावं ठेवतील, वाळत घातलेलं कुणी नेईल, लेकाचा फोन का येत नाही. एक काळजी मिटायच्या आत दुसरी दारात उभी.

तिसऱ्यांदा घरात आली तेव्हा सासूबाई खाटेवरून अर्ध्या खाली लोंबत होत्या. गंगम्मा ऐंशीच्या पुढच्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा. शिवकांतानं त्यांना कसंबसं वर घेतलं, शेजारच्या सखूबाईला हाक मारली, दवाखान्यात नेलं. बारशाची जीप गेली ती गेलीच.

चार दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं गेलंय. एखादा शब्द राहतो, तो राहील. तोच तोच बोलतील."

राहिला तो शब्द त्याच दिवशी संध्याकाळी ऐकू आला. शिवकांता खाटेजवळ बसून एकटीच कुरकुरत होती. "पहिली नात माझी. सगळे आले असतील आणि आजीच न्हाय. सुनेच्या माहेरचे काय म्हणले असतील? वाळे पण इथंच राहिले."

गंगम्मानं मान वळवली. जड जिभेनं, पण साफ ऐकू येईल असं म्हणाल्या, "बिडी."

"काय म्हणलात आत्या?"

"बिडी. बिडी."

गळ्यात लिंग बांधलेली बाई. रोज अंघोळ करून, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी. या घरात पुरुषांनीसुद्धा कधी तंबाखू खाल्ली नाही. आणि आता मरायला टेकल्यावर बाई बिडी मागती?

गंगम्मा मूळच्या ढोकीच्या नव्हेत. त्यांचं माहेर आळंदच्या पलीकडं, कर्नाटकात. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. इथं त्यांची कानडी कुणाला कळत नव्हती. पोरं मराठीत वाढवली, मराठीत भांडल्या, नवऱ्याला मराठीत रडल्या. कानडी तेवढी एकाच माणसाशी बोलायच्या. ती म्हणजे धाकटी सून महादेवी. ती त्यांच्या सख्ख्या भावाची लेक. सासू शिवकांताला लग्नानं आत्या, महादेवीला रक्तानं. दोघी चुलीपुढं बसून कानडीत बोलायला लागल्या की शिवकांता भाजी चिरता चिरता थांबायची. माझंच चाललंय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मधेच त्या हसल्या की मग खात्रीच पटायची.

पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली. भांडीकुंडी वाटताना पाटा शिवकांताकडं आला आणि वरवंटा महादेवीकडं गेला. चूक कुणाची ते देवाला ठाऊक. ही म्हणाली, पाटा माझा आहे तर वरवंटा पण माझाच. ती म्हणाली, मग पाटाच इकडं द्या. त्या दिवशी शिवकांता म्हणाली होती, "कानडीत गोड बोलून घर गिळलंस." नऊ वर्षं झाली. इकडं पाटा पालथा पडून होता, तिकडं वरवंटा. दोघींच्या घरात मिक्सर आला, तरी बोलणं म्हणून झालं नाही. शिवकांताचा नवरा मल्लिनाथ गेला, महादेवीचा शांतलिंग करोनात गेला. महादेवीची एकुलती लेक जळकोटला दिली. भिंतीच्या दोन बाजूंना दोन विधवा राहिल्या, आणि सासू थोरलीकडं.

झटका आल्याचं कळलं तेव्हा महादेवी धावत आली होती. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आत्या कशा हायत?"

शिवकांता म्हणाली, "बोलता येत न्हाय त्यांना. आता काय कानडीत लावालावी करायची सोय राहिली न्हाय तुझी."

महादेवीनं आत टाकलेला पाय मागं घेतला. परत आली नाही. दोन दिवसांआड ताकाची कळशी तेवढी सखूबाईच्या हाती पाठवायची.

आता ती बिडीची गोष्ट सखूबाईला सांगितल्यावाचून शिवकांताला राहवेना. सखूबाई धनगराची, चार शेळ्या, तोंडानं फटकळ.

"अगं मग दे की एक," सखूबाई म्हणाली. "आमच्या सासूनं तर ढिगानं वढल्या. शंभरीला चार कमी असताना गेली."

"गळ्यात लिंग हाय बाई त्यांच्या."

"लिंग म्हणतंय का नको म्हणून? का तू म्हणतीस?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायला कोण जातंय? मी? व्हय, मी जाईन म्हणा." सखूबाई हसली आणि नवऱ्याच्या कट्ट्यातली एक बिडी आणून तिच्या हातावर ठेवली.

ती बिडी शिवकांतानं कागदात गुंडाळून जिऱ्याच्या डब्यात ठेवली. आज देऊ, उद्या देऊ. आज देवाचा सोमवार. आज घरात पाहुणे. आज खिडकी उघडी आहे, वास बाहेर जाईल. इकडं गंगम्माचा शब्द काही थांबेना. दूध उतू गेलं आणि शिवकांतानं कपाळ बडवून घेतलं की, "बिडी." अंथरूण ओलं झालं, चादरीचा डाग जाईना म्हणून ही चिडली की, "बिडी." भिंतीपलीकडून महादेवीच्या भांड्यांचा आवाज आला आणि हिनं दात खाल्ले की खाटेवरून दोनदा, तीनदा, "बिडी, बिडी." डोळे मात्र मागणाऱ्याचे नव्हते. तेव्हा हे शिवकांताला दिसलं नाही. तिनं बिडीऐवजी तोंडात वेलदोडा दिला. गंगम्मानं तो जिभेनं बाहेर ढकलला.

ऑगस्टच्या आठ तारखेला, श्रावणातल्या सोमवारी, दुपारी गंगम्मा गेल्या. बिडी डब्यातच राहिली.

त्यांना शेतात लिंबाच्या झाडाजवळ, बसवलेल्या अवस्थेत माती दिली. महादेवी बायकांत उभी राहून रडली आणि भिंतीपलीकडं निघून गेली. शिवपुत्र आठ दिवस राहून पुण्याला आपल्या घरी परतला. मग घरात शिवकांता एकटी आणि ती रिकामी खाट.

आवाज पहिल्यांदा आला तो नवव्या की दहाव्या दिवशी. भर दुपार होती. नळाला पाणी येऊन गेलं आणि हिची टाकी भरायची राहिली. "आता दोन दिवस पाणी न्हाय, कसं करू मी," असं ती मोठ्यानं म्हणाली. मागून खाटेकडून, जड जिभेनं, "बिडी."

हंडा हातातून सुटला. वळून बघितलं तर खाट मोकळी. उन्हाचा पट्टा तेवढा पडलेला.

पुढं तो आवाज येतच राहिला. रोज नाही. ही शांत बसली, निवडत टिपत बसली, तर येत नसे. कुलूप ओढायला परत वळली की यायचा. लेकाचा फोन लागला नाही आणि जीव खालीवर झाला की यायचा. शिवकांतानं खाट उभी करून भिंतीला टेकवली. आवाज आधीच्याच उंचीवरून आला. खाट गोठ्यात नेऊन टाकली. आवाज तिथंच राहिला, जिथं उशी असायची तिथं.

तिनं मनाशी हिशेब बांधला, आणि तो कुणालाही पटला असता. मरणाऱ्या बाईनं सहा महिने एकच वस्तू मागितली. आपण लोकांच्या तोंडाला भिऊन दिली नाही. जीव तिथं अडकलाय. आता माझ्या हातून सुटका कशी व्हायची?

पुढच्या अवसेला दुपारी तिनं दार लावून घेतलं, जिऱ्याच्या डब्यातली बिडी काढली, चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि खाटेच्या जागेवर पणतीत ठेवली. हात जोडले. म्हणाली, "आत्या, चुकले. घ्या." बिडी जिऱ्याचा वास घेऊन जळाली. आठ दिवस घर शांत राहिलं. मग गव्हात पोरकिडे झाले, हिनं हाय खाल्ली, आणि आवाज आला. म्हणजे एकीनं भागलं नाही. तिनं तेरच्या बाजारातून, ओळखीचं कुणी दिसत नाही असं बघून, आख्खा कट्टा आणला. आणि दर अवसेला एक.

मार्गशीर्षात सखूबाई ओट्यावर येऊन बसली. "एक विचारू का? रागवायचं न्हाय."

"काय?"

"गल्लीत बोलत्यात, शिवकांताबाई दार लावून बिड्या वढती म्हणून. मी म्हणलं वढती तर वढती, तुमच्या बापाची वढती का? पर खरं काय ते मला तरी सांग."

ज्या बोलण्याला भिऊन तिनं सासूला बिडी दिली नव्हती, ते बोलणं असं तिच्याच नावानं दारात येऊन बसलं. शिवकांतानं सगळं सांगितलं. सखूबाईचं हसू विरलं. तिनं आत, खाटेच्या मोकळ्या जागेकडं बघितलं, आणि चहा न घेता उठली.

संक्रांत होऊन गेली. कारखान्याचा हंगाम भरात होता. दिवसभर उसाच्या ट्रॉल्या गल्लीच्या तोंडावरून जायच्या. एके दिवशी मोठा रस्ता अडला म्हणून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गल्लीतच घुसला. वळताना मागच्या ट्रॉलीनं शिवकांताच्या ओट्याचा कोपरा घेतला. दोन विटा निखळून पडल्या.

शिवकांता बाहेर आली ती पेटूनच. "डोळे फुटले का? कोण बांधून देणार आता? गवंडी मिळतो का इथं? पावसाचं पाणी आत शिरलं म्हणजे मग?"

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कर्नाटकातला गडी. नाव वीरप्पा. त्यानं विटा उचलून जागेवर रचल्या, हात जोडले. पण हिचं तोंड काही थांबेना. ओट्यावरून पावसावर गेली, पावसावरून गवंड्यावर, गवंड्यावरून एकट्या बाईचं कुणी ऐकत नाही इथवर आली. तेव्हा तो कसनुसा हसत म्हणाला, "बिड्री अक्का. बिड्री."

शिवकांता बोलता बोलता गप्प झाली. ती तशीच आत गेली, डबा उघडला, एक बिडी घेऊन बाहेर आली आणि त्याच्यापुढं धरली.

"घे. घे बाबा. ओढ."

वीरप्पा बघत राहिला. "म्या न्हाय ओढत अक्का."

"मग मागितलीस कशाला?"

"कधी मागितली?"

"आत्ता म्हणलास की, बिडी."

तो मोकळेपणानं हसला. "बिडी न्हाय वो. बिड्री. आमच्या कानडीत. म्हंजी सोडा. जाऊ द्या की अक्का, इटाच हायत. संध्याकाळी येऊन शिमिट लावून देतो."

"सोडा?"

"व्हय. सोडा. जाऊ द्या."

ट्रॅक्टर निघून गेला. गल्लीत उसाची पाचट पडलेली. शिवकांता फुटक्या ओट्यावर बसली, बिडी हातातच. ऊन माथ्यावर आलं तरी उठली नाही. तिला एकेक आठवत होतं. बारशाची जीप चुकली, सोडा. दूध उतू गेलं, सोडा. चादरीचा डाग, जाऊ द्या. वरवंटा, सोडा. बाईनं काही मागितलंच नव्हतं. ज्या बाईचं निम्मं अंग मेलं होतं, ती सहा महिने हिलाच समजावत होती. आणि ही तिच्या तोंडात वेलदोडे घालत होती.

पण मनात लगेच दुसरा किडा वळवळला. कशावरून? ड्रायव्हरचा शब्द तो ड्रायव्हरचा. आत्यांचा शब्द तोच कशावरून? हे सांगू शकेल असं ढोकीत एकच माणूस होतं.

ती भिंतीला वळसा घालून गेली. नऊ वर्षांत ते दार तिनं बाहेरूनच पाहिलं होतं, फक्त शांतलिंग गेला तेव्हा दहा दिवस डोळ्याला पदर लावून बसून आली होती. महादेवी ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"अक्का? काय झालं?"

"महादेवी, बिड्री म्हणजे काय गं?"

महादेवीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "सोडा. आत्या म्हणायच्या ते?"

"तुला कसं ठाऊक?"

"ही काय भिंत हाय? चार इंची. खोकलं तरी ऐकू येतं. त्यांची जीभ जड झाली होती, मधला र गळायचा. पर मला कळायचं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं तुम्हाला कळतंय. बत्तीस वर्षं आमचं कानडी ऐकलात तुम्ही. मला उलटा राग यायचा तुमचा. म्हणलं, आत्या एवढं विनवतीया आणि ही बाई ऐकून न ऐकल्यासारखं करती. तुम्हाला काय वाटलं?"

शिवकांतानं मूठ उघडली. घामानं भिजलेली बिडी.

महादेवीनं बिडीकडं बघितलं, जावेकडं बघितलं. आधी तिला कळेना. मग कळलं आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, पोटावर हात धरून. "आत्यानं? बिडी?" हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबलं नाही.

"तुम्ही दोघी हसायच्या तेव्हा माझ्यावरच हसायच्या ना?" शिवकांतानं विचारलं. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न.

"तुमच्यावर कशाला? आत्या त्यांच्या गावच्या म्हशीच्या गोष्टी सांगायच्या." महादेवीनं डोळे पुसले. "आणि अजून एक सांगू का? मला त्या नुसतं 'बिड' म्हणायच्या. भाची ना मी. 'री' लावलं की मान दिल्यासारखं होतं. सासू सुनेला तसं बोलत न्हाय आमच्यात. तुम्हाला त्या 'बिड्री' म्हणायच्या."

शिवकांतानं भिंतीला डोकं टेकवलं. पलीकडं तिचंच घर होतं, खाटेची जागा होती. ती कान देऊन ऐकत राहिली. काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी वीरप्पा खरंच सिमेंट घेऊन आला. त्याच्यासाठी चहा महादेवीनं केला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं म्हणाल तर तसं नाही. शिवकांता कुलूप ओढायची ती ओढायचीच. स्वभाव असा एका शब्दानं जात नाही. दोघी कुरकुरल्या, एकदा शेणावरून दोन दिवस अबोला धरला, तो तिसऱ्या दिवशी आपोआप सुटला. पाटा-वरवंटा सखूबाईला देऊन टाकला. तिला त्याचं कौतुक, यांना अडगळ. दुपारी शिवकांता आपल्या बाजूला निवडत बसायची, महादेवी तिच्या. मधल्या भिंतीतून बोलणं चालायचं. ही सांगायची, ती 'हं' म्हणायची. महादेवीचा आवाज आत्यासारखा होता, एका घरचा होता. कधी कधी ते 'हं' नेमकं कुठून आलं ते शिवकांताला कळत नसे. खाट होती तिकडून आल्यासारखं वाटे. ती वळून बघत नसे. भीती गेली होती असं नाही, पण तिची सवय झाली होती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात समृद्धी आजीकडं येणार होती. शिवकांताच्या जिवाला पुन्हा घोर. थंडी बाधेल का, दूध पचेल का, पाळणा आता लहान पडेल का. सकाळी नऊच्या सुमारास ती भिंतीपलीकडं बोलत होती. "महादेवी, पोरीला बाजरीची खीर चालेल का गं?"

"हं."

"आणि गरम पाण्याचं कसं करायचं? बंब गळतोय."

"हं."

"तू नुसतं हं हं करू नकोस. इकडं ये. चहा टाकते."

पलीकडून काही आलं नाही. चहा झाला, निवला. शिवकांता कप घेऊन वळसा घालून गेली. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. महादेवी अंथरुणावर कुशीवर झोपली होती, एक हात गालाखाली. हात लावला तर गार. नुसती गार नाही, ताठलेली.

डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चार-साडेचार तास तरी झालेत. झोपेतच गेल्या. हृदय बंद पडलं."

सखूबाई म्हणाली, "सकाळी मला तुझा आवाज आला की. तू हिच्याशी बोलत होतीस ना?"

शिवकांतानं तिच्याकडं बघितलं. आधीची शिवकांता असती तर घड्याळ आणून दाखवलं असतं, नऊ वाजले होते म्हणून शपथा घातल्या असत्या, डॉक्टरांशी वाद घातला असता, पुढं वर्षभर रात्रीची झोप घालवली असती. ती एवढंच म्हणाली, "एकटीच बोलत होते." मग जळकोटला महादेवीच्या लेकीला फोन लावायला सांगितला आणि पाणी तापवायला ठेवलं.

महादेवी शांतलिंग, वय अठ्ठावन्न, ढोकी इथं राहत्या घरी गुरुवारी, चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी पहाटे वारली.